अवगाह-टबचा हीटर आणि बदललेले वायरिंग

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेल्या तेरा अग्निस्वेदांत अवगाहाचा समावेश आहे. कटिशूल, गृध्रसी, अर्श इत्यादींमध्ये त्याचा उपयोग आपण सर्वजण करतो. पूर्वी चुलीवर तापविलेले जल द्रोणीत ओतले जाई. आज बहुतेक ठिकाणी स्टीलचा टब आणि त्यात विजेचा हीटर असतो. या हीटरविषयी वडनेर भोलजी येथील आमच्या चिकित्सालयात आलेला अनुभव वैद्यबंधु-भगिनी व फार्मसीचालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

जुने वायरिंग काढून आम्ही नवीन करून घेतले. तारेच्या फ्यूजऐवजी एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला. दुसऱ्याच दिवशी हीटरचे बटण दाबताच आरसीसीबी पडू लागला. वायरमन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आधी तर चालत होतं ना, मग हे डबडं काढून टाकू." क्षणभर आम्हांलाही ते पटले होते.

येथे निदान महत्त्वाचे. एमसीबी पडला तर प्रवाह मर्यादेपेक्षा अधिक झाला किंवा शॉर्ट झाले असे समजावे. आरसीसीबी पडला तर फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतत नाही, तो अन्य मार्गाने जमिनीत जात आहे. मात्र या परिपथाचा न्यूट्रल चुकून आरसीसीबीबाहेरून घेतला गेला असेल तरीही असेच घडते. म्हणून हीटर काढून त्याच सॉकेटवर शंभर वॅटचा साधा दिवा लावून पाहिला. आरसीसीबी टिकला, म्हणजे वायरिंग निर्दोष, दोष हीटरचा. ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंटचे टोक व त्याचे बाह्य आवरण यांमधील रोध तपासला. तो निदान एक मेगओहम हवा. दोनपैकी एका एलिमेंटवर काटा शून्यालगत राहिला. आवरणाला बारीक चीर होती. आमच्या परिसरातील खारपाणाच्या बोअरचे पाणी आणि त्यात थेट उकळलेला दशमूळ क्वाथ, दोहोंचा थर त्यावर साचला होता.

तेव्हा आठवले की, काही आठवड्यांपूर्वी कटिशूलाच्या एका रुग्णाने टबमध्ये बसल्यावर मुंग्या येतात, असे सांगितले होते. आम्ही केसपेपरवर 'सुप्ती' लिहून वातघ्न योजना वाढविली होती. पाणी कोमट राहावे म्हणून त्या वेळी हीटर सुरूच होता! ओल्या त्वचेचा रोध किती उतरतो हे ठाऊक असलेल्यास पुढे काय घडू शकले असते ते सांगणे नको. जुन्या फ्यूजला ही गळती कळणे शक्यच नव्हते. काही मिलिअँपिअरने तार वितळत नाही.

एलिमेंट बदलल्यावर दुसरीच अडचण उद्भवली. पाणी तापेना. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. ३००० वॅटला सव्वा तास पुरतो. आम्हांला चार तासही पुरेनात. क्लँपमीटरवर तेरा अँपिअरच्या जागी जेमतेम सव्वातीन! १५०० वॅटची दोन्ही एलिमेंट समांतर जोडण्याऐवजी एकापुढे एक जोडली गेली होती, त्यामुळे एकूण ७५० वॅटच मिळत होते. जोडणी सुधारताच काम झाले. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरल्यानेही तापण्यास विलंब होतो, परंतु इतका नाही.

अर्थिंगचा खड्डाही पाहून घ्यावा. आमच्या काळ्या जमिनीला वैशाखात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो; म्हणून त्यात पाणी घालीत राहावे लागते.

आता आम्ही केवळ साधे पाणी तापवितो, क्वाथ वेगळा सिद्ध करून नंतर मिसळतो. हीटरचा प्लग काढून रुग्णाला दिसेल अशा खुंटीवर टांगल्यावाचून त्याला टबमध्ये उतरवीत नाही. क्वाथासाठी विजेची भांडी वापरणाऱ्या फार्मसीचालकांनीही वायरिंग बदलल्यानंतर आरसीसीबी पडू लागल्यास आधी भांड्याचे एलिमेंट मेगरवर तपासून घ्यावे; आरसीसीबीला हात लावू देऊ नये.