घरचें मांजर आणि शेतांतील पांखरें

मांजर हा शेतकऱ्याच्या घरचा जुना चाकर आहे. धान्याच्या कणगीवर व बियाण्याच्या पोत्यांवर त्याचा पहारा असला म्हणजे उंदीर वचकून असतात. याकरितां मांजर पाळूं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु चाकर आपली चौकी सोडून रानांत हिंडूं लागला, तर तेथें तो काय करितो हें धन्यानें पाहिलें पाहिजे.

रानांत मांजरास उंदरांबरोबर पांखरेंहि सांपडतात. त्यांतहि भुईवर वीण करणारीं पांखरें व घरट्यांतून नुकतीं उतरलेलीं पिलें त्यास अनायासें मिळतात. टिटवी घरटें असें बांधीत नाहीं. उघड्या रानांत ढेकळांमध्यें खळगा करून त्यांत बहुधा चार अंडीं घालते. चंडोल, लावा व तितर यांची वीणहि भुईवरच होते. चैत्रापासून आषाढापर्यंतचे दिवस पुष्कळ पांखरांच्या विणीचे असतात. त्या दिवसांत रात्रीं मोकळें फिरणारें एक मांजर शिवारांतील बरींच पिलें नाहींशीं करूं शकतें.

पांखरें गेलीं तर आमचें काय गेलें, असें कोणी विचारील. कृष्णाकांठच्या उंसास हुमणीचा उपद्रव किती होतो, हें सातारा व सांगली जिल्ह्यांतील बागाइतदारांस सांगावयास नको. नांगर चालूं लागला कीं बगळे, साळुंक्या व कावळे तासामागून येऊन उघड्या पडलेल्या अळ्या वेंचून खातात. हरभऱ्यांत घाटेअळीकरितां पक्षीथांबे उभे करण्यास सांगतात, तेंहि कोतवाल व साळुंकी यांनीं त्यांवर बसून अळ्या टिपाव्या म्हणूनच. गव्हाणी घुबडाचें तर मुख्य भक्ष्यच उंदीर होय. तासगांवाकडील द्राक्षें बुलबुल फोडतो व चिमण्या जोंधळ्याच्या कणसांवर पडतात, हेंहि खरें; परंतु त्यास जाळें व गोफण हे उपाय आहेत. कणसांवरील थवा मांजरास फारसा साधत नाहीं. त्याच्या हातीं लागतें तें बांधाखालचें पिलूं.

ही हानि लहान समजूं नये. न्यूझीलंडांतील स्टीफन्स बेटावर इ. स. १८९४ सालीं दीपगृह सुरू झालें. तेथील वस्तीबरोबर मांजरें आलीं, आणि त्या बेटावरील एक न उडणारा लहान पक्षी थोडक्याच काळांत नामशेष झाला. अमेरिकेंत मांजरें दरसाल १३० कोटींपासून ४०० कोटींपर्यंत पक्षी मारितात, असा अंदाज तेथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला; त्यांतील बहुतेक हानि बेवारशी मांजरांची होती.

बेवारशी मांजरें आपल्याकडे कशीं वाढतात, हें उघड आहे. पीकपाहणीच्या कामीं आम्ही या भागांत पुष्कळ वर्षें बांधाबांधानें फिरलों. मांजर मारल्याचें पाप नको, म्हणून नकोशीं पिलें पोत्यांत घालून शिवेबाहेर सोडण्याचा प्रघात आम्हांस गांवोगांवीं आढळला. त्यांतील पुष्कळ उपासमारीनें मरतात. जीं जगतात तीं पांखरांवर जगतात. मायणीच्या तलावाकांठीं किंवा सागरेश्वराच्या रानालगत अशीं पिलें सोडणें म्हणजे पांखरांच्या आसऱ्यांतच त्यांचा वैरी नेऊन ठेवणें होय. मांजरांस विष घालणें हाहि उपाय नव्हे. तें क्रूरपणाचें आहे, आणि जनावरांस क्रूरपणें वागविण्यास १९६० च्या कायद्यानें मनाई आहे.

करावयाचे उपाय सोपे आहेत:

१. दिवेलागणीस मांजरास पोटभर खावयास घालून घरांत किंवा कोठारांत ठेवावें व दिवस वर आल्यावर सोडावें. उंदीर कोठारांत रात्रींच हिंडतात, म्हणजे चाकरीहि होते व पांखरेंहि वांचतात. उपाशी ठेवलेलें मांजर अन्नाकरितां रानच धरील.

२. मांजराच्या गळ्यांत घंटा बांधण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडांत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत घंटेनें कांहीं फरक पडला नाहीं. गळ्याभोवतीं भडक रंगाच्या कापडाची झालर घातली तेव्हां मात्र घरीं धरून आणलेल्या पांखरांची संख्या शेंकडा ४२ नें घटली, आणि उंदरांच्या शिकारींत फरक दिसला नाहीं. शेतकऱ्यास हवें तें हेंच. गळपट्टा फांदींत अडकल्यास आपोआप सुटेल असा असावा.

३. सहा महिन्यांच्या सुमारास मादी माजावर येते आणि सुमारें नऊ आठवड्यांत विते. तत्पूर्वीं पशुवैद्याकडून नरमादीची संतति बंद करून घ्यावी. त्याच खेपेस पिसाळरोगाची लसहि टोंचून घ्यावी.

४. घरट्याच्या झाडास चार हात उंचीवर, बुंध्याभोवतीं दीड हात रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे मांजरास वर चढतां येत नाहीं. पांखरांकरितां पाण्याचें भांडें झुडपांपासून दूर, उंच जागीं ठेवावें.

हे उपाय एकट्यानें केल्यास एक घर सुधारेल, गांवानें मिळून केल्यास शिवार सुधारेल. कोठार मांजरानें राखावें, शेत पांखरांनीं राखावें, आणि दोघांस आपापल्या जागीं ठेवण्याचें काम धन्यानें करावें, इतकीच आमची आपल्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.