जुनी ‘पळणारी’ गाडी घाटात नेताय? आधी ब्रेक, मग टायर. पॉवर सर्वांत शेवटी

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. वीस-बावीस वर्षे जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा फियाट पॅलिओ १.६ हा घाट आजही मजेत चढते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. चार-पाच वळणे उतरून झाली, की ब्रेकचा पेडल मऊ लागतो, चाकांतून जळका वास येतो आणि मालकाच्या लक्षात येते की इंजिन म्हातारे झालेले नाही, बाकीची गाडी झाली आहे.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात अशा गाड्या जपणारे हौशी कमी नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो. जुन्या गाडीतल्या उणिवा बाजारातले सुटे भाग लावून दूर होतात का? होत असतील, तर कोणत्या आधी? आणि कोणता बदल केल्यावर आरटीओची नोटीस येऊ शकते?

या गाड्यांना ‘स्पोर्ट्स’ का म्हणतात?

भारतात खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार फारच कमी बनल्या. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी त्यांपैकी एक. सामान्य माणसासाठी मात्र २००० नंतरच्या काही सेडान आणि हॅचबॅक याच स्पोर्ट्स कार ठरल्या. सिटी व्हीटेकचे दीड लिटरचे इंजिन १०६ अश्वशक्ती देत होते. पॅलिओ १.६ शंभरच्या आसपास होती. टर्बो इंजिनाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस तर १५० अश्वशक्तीची होती.

त्या काळात वेग मिळाला, पण सुरक्षेची साधने आजच्यासारखी नव्हती. अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक होते, चाके अरुंद होती आणि एबीएस बहुतेकांना नव्हते. सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. जुन्या गाडीत ते नंतर बसवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. म्हणून जे बदलता येते, ते नीट क्रमाने बदलणे महत्त्वाचे.

पहिला खर्च कशावर?

ब्रेकवर. घाटात ब्रेक कमी पडण्याची दोन वेगळी कारणे असतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळत असण्याची शक्यता असते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पावसाळी हवेत राहणाऱ्या गाडीत दर दोन वर्षांनी जुने ऑइल पूर्ण काढून डॉट-४ भरणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. डॉट-५ मात्र सिलिकॉनचे असते. ते यात मिसळू नये.

पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड तापून पकड सोडत आहेत. तिथे चांगल्या कंपनीचे, जास्त तापमान सोसणारे पॅड आणि नव्या डिस्क उपयोगी पडतात. जुने रबरी ब्रेक पाइप फुगतात. तेही याच वेळी बदलावेत. शर्यतीसाठीचे पॅड मात्र रस्त्यावर नकोत. ते गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्याच चौकात घात करतात.

उतारावर खालचा गिअर ठेवणे हा उपाय तर फुकटचा आहे.

टायर किती मोठा चालेल?

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी कमी फिरली म्हणून नक्षी शाबूत असली, तरी रबर वयानुसार कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

रुंद टायर लावताना बाहेरचा एकूण व्यास बदलता कामा नये. उदाहरणार्थ, १७५/६५ आर १४ टायरचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर येतो. १८५/५५ आर १५ चा ५८४ ते ५८५. म्हणजे फरक नगण्य. १९५/५५ आर १५ घेतला, तर व्यास ५९५ च्या पुढे जातो. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळणात टायर मडगार्डला घासू शकतो. सोबत टायरवरचा आयएसआय शिक्का आणि वजन पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हेही पाहावे.

गाडी खाली बसवावी का?

स्प्रिंग कापून गाडी खाली आणणे ही सर्वांत वाईट युक्ती. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. शिवाय उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते आणि गावोगावचे गतिरोधक पाहता खाली बसवलेली गाडी आधी ऑइल पॅन फोडून घेते.

त्याऐवजी नवे शॉक अॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बदलावेत. वीस वर्षांच्या गाडीत एवढ्यानेच ‘स्टिअरिंग सैल’ ही तक्रार बहुधा जाते. जो बुश मिळत नाही, तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मिरजेच्या लेथवर नमुना देऊन करून घेता येतो. इतर सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेची फेरी ठरलेलीच. फियाटसारख्या कंपनीने भारतातली मोटार विक्री थांबवल्यावर तर हाच आधार उरला आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र भंगारातले घेऊ नयेत.

हेडलाइट मंद का पडतो?

अनेकदा दोष बल्बचा नसतो, वायरिंगचा असतो. जुन्या वायरी आणि स्विचमधून जाताना विजेचा दाब घटतो. तो १० टक्के कमी झाला, तर हॅलोजन बल्बचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. बॅटरीवरून थेट वीज देणारी रिले वायरिंग बसवली, काच पॉलिश केली आणि फोकस नीट लावून घेतला, की मूळचाच ६०/५५ वॉटचा बल्ब खूप वेगळा दिसतो.

हॅलोजनसाठीच्या दिव्यात एलईडी बल्ब घालणे टाळावे. प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली स्वतःलाही उशिरा दिसते.

पॉवर वाढते का?

टर्बो नसलेल्या इंजिनात कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि ईसीयू रिमॅप यांनी मिळणारा फायदा थोडा, आवाज जास्त. बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर गरम हवा ओढतो, त्यामुळे उन्हाळ्यात उलट तोटाही होतो. आधी कॉम्प्रेशन तपासा, प्लग बदला, इंजेक्टर साफ करा. मुळात १०६ असलेली ताकद आज किती उरली आहे, हे कळल्याशिवाय ती वाढवण्यात अर्थ नाही. टर्बो गाडीत रिमॅपने खरा फरक पडतो, पण तो भार क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेकवरही येतो.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नये. रेडिएटर, पंखा आणि कूलंट दुरुस्त करणे हाच इलाज आहे.

इथेनॉलचे काय?

सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता २० टक्के प्रमाणात पेट्रोलमध्ये असते. जुन्या गाड्यांचे रबरी फ्युएल पाइप, सील आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा चिरतात. गरम इंजिनाजवळ पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणारे फ्युएल पाइप आणि नवे क्लॅम्प हा म्हणूनच चैनीचा नव्हे, गरजेचा बदल आहे.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, असे म्हटले होते. इथेनॉल पाणीही ओढते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ महत्त्वाचे. निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. इंजिन बदलणे किंवा सीएनजी किट बसवणे यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सायलेन्सरच्या आवाजाला वेगळे कलम लागते. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. एमएच-११ असो, एमएच-१० असो की कराडची एमएच-५०, तिथे अडकतात ते बहुधा याच गोष्टींवर. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेक पॅड, शॉक अॅब्सॉर्बर, पाइप यांसारखे मूळ जागी, मूळ दर्जाचे भाग बसवणे ही मात्र दुरुस्तीच आहे. तिला परवानगी लागत नाही.

थोडक्यात: खर्चाचा क्रम

१. ब्रेक ऑइल, पॅड, डिस्क आणि ब्रेक पाइप
२. फ्युएल पाइप, सील, क्लॅम्प
३. टायर, तेही तारीख पाहून
४. शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश
५. हेडलाइटची रिले वायरिंग आणि कूलिंग
६. पैसे उरले, तर पॉवर

पहिल्या पाचांपैकी एकही बदल बाहेरून दिसत नाही आणि चौकात उभ्या मित्रांना ऐकूही येत नाही. पण यवतेश्वरचा शेवटचा उतार संपताना पेडल पहिल्या वळणाइतकाच घट्ट असेल, तर पैसे योग्य ठिकाणी गेले असे समजावे.