सुई लागली म्हणून कॅन्सर पसरत नाही

"गाठीला सुई लावू नका, पसरतंय." कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं, की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हे बोलतंच. बोलणारा मायेनं बोलतो, म्हणूनच त्याचं ऐकलंही जातं. पूर्वी ही धास्ती बायोप्सीपुरती, म्हणजे गाठीचा नमुना काढून करायच्या तपासणीपुरती होती. आता दुखणं कमी व्हावं म्हणून अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का, असं कुणी विचारलं तरी उत्तर तेच: "नको, सुया टोचून आणखी पसरेल." आणि पेशंट रात्र रात्र कण्हत राहतो.

भीतीचं मूळ बायोप्सीत आहे, म्हणून आधी तिचं बघू. कॅन्सरच्या पेशी गाठीतून सुटतात आणि रक्तातून, लसिकेतून दुसरीकडे जाऊन रुजतात. त्यासाठी त्यांना कुणाच्या सुईची गरज नसते. सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथं नवी गाठ होणं अशक्य नाही, पण ते फार क्वचित घडतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण त्यातल्या त्यात जास्त, म्हणजे सुमारे २.७ टक्के नोंदलं गेलंय. म्हणूनच यकृताच्या गाठीचं निदान शक्य तिथं सीटी किंवा एमआरआयवरच करतात. अंडकोशातल्या संशयित गाठीतही बाहेरून सुई घालत नाहीत. हे अपवाद डॉक्टरांना शिकवलेले असतात. स्तनातल्या किंवा मानेतल्या गाठीची सुईनं तपासणी टाळायला त्यांचा आधार घेता येत नाही.

ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक दाखला. स्वादुपिंडाचा कॅन्सर अतिशय आक्रमक. अमेरिकेत त्याचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली निष्कर्ष छापले गेले. ऑपरेशनआधी सुईनं तपासणी झालेल्यांचं मध्यम आयुर्मान २२ महिने भरलं, न झालेल्यांचं १५ महिने. सुईनं आयुष्य वाढलं, असा याचा अर्थ काढू नये. पण सुईनं रोग पसरत असता, तर आकडे उलटे दिसले असते.

तरीही कुणीतरी म्हणतंच, "आमच्या पाहुण्यांना बायोप्सीनंतर दोन महिन्यांत पसरला, ते कसं?" असं: गाठ हाताला लागली तेव्हा कुणाला सांगितली नाही. मग लेप झाला, मग कुठला तरी काढा झाला, मग सुगी आली. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेलेला. सुई त्यानंतर लागली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि दोष मात्र सुईला.

आता अ‍ॅक्युपंक्चरची सुई. ती बायोप्सीच्या सुईसारखी नसतेच. मोठी बायोप्सी करायची सुई सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ असते, कारण तिनं मांसाचा तुकडा काढायचा असतो. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, जाडी साधारण पाव मिलिमीटर. तिच्यातून काही आत सोडत नाहीत, काही बाहेर ओढत नाहीत. शिवाय ती गाठीत टोचायचीच नसते. हात, पाय, कान, पाठ अशा ठिकाणच्या ठरावीक बिंदूंवर सुया लावून वीस-तीस मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी त्यांना बॅटरीचा अगदी सौम्य विद्युतप्रवाह जोडतात. या टोचण्यानं चेतातंतू उत्तेजित होतात आणि शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं, म्हणजे एन्डॉर्फिन वगैरे, सुटतात. कॅन्सर पसरण्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

मग दुखणं खरंच कमी होतं का? इथं मात्र मोजूनमापून बोलायला हवं.

सगळ्यात भक्कम पुरावा एका ठरावीक दुखण्याचा आहे. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनशी निगडित स्तनाचा कॅन्सर असेल, तर उपचारानंतर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशा गोळ्या पाच-पाच वर्षं घ्याव्या लागतात. त्यांनी अनेकींचे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत, भाकरी थापताना बोटं उघडत नाहीत, परातीतलं पीठ मळायला सुनेला हाक मारावी लागते. कंटाळून काही जणी गोळीच बंद करतात, आणि तिथं खरा धोका सुरू होतो, कारण रोग परत येऊ नये म्हणून तीच गोळी दिलेली असते. अशा २२६ बायकांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सहा आठवड्यांत खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं दुखणं सुमारे दोन अंकांनी उतरलं. खोट्या, म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी साधारण एक अंकानं उतरलं आणि काहीच न केलेल्यांचंही तेवढंच.

दुसरा अभ्यास २०२१ सालचा, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातला. कॅन्सरचे उपचार संपले, पण हाडं-स्नायू दुखतच राहिले, अशा ३६० जणांवर तो झाला. आठवड्याला एक अशा दहा बैठका झाल्या. विद्युतप्रवाह जोडलेल्या सुयांनी, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, दुखणं १.९ अंकांनी जास्त कमी झालं. कानातल्या सुयांनी १.६ अंकांनी. कानातल्या सुया मात्र दहातल्या साधारण एकाला सोसल्या नाहीत. या आणि अशा अभ्यासांवरून २०२२ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांनी मिळून मार्गदर्शिका काढली: वर सांगितलेल्या सांधेदुखीला अ‍ॅक्युपंक्चर सुचवावं, कॅन्सरच्या इतर दुखण्यालाही सुचवायला हरकत नाही.

त्याआधी २०१५ साली, वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं होतं, हेही वाचकाला माहीत असावं. तेव्हा हाती फक्त पाच छोटे अभ्यास होते. पुरावा वाढला, तसं मत बदललं. आजही चित्र असं आहे की दुखणं कमी होतं, पूर्ण जात नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. पण सातावर असलेलं दुखणं पाचावर आलं, तर माणूस झोपतो, दोन घास जास्त खातो.

आणि आता दुसऱ्या टोकाची मंडळी. "सुयांनी गाठ विरघळते, केमो सोडा" असं सांगणारे. यांच्याबद्दल सौम्य शब्द वापरणं मला जमत नाही. अ‍ॅक्युपंक्चरनं कॅन्सर बरा होतो याला कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही. वर सांगितलेल्या एकाही अभ्यासात तसा दावा नाही. सगळ्यांनी मोजलं ते दुखणं. कोल्हापुरात किरणोपचार आणि केमो दोन्ही मिळतं, गडमुडशिंगीहून जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. ते सोडून सुयांवर भिस्त ठेवायला सांगणारा माणूस तुमचे महिने खातो, आणि ते महिने परत मिळत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"सुया लावल्या की मॉर्फिन बंद करता येतं." स्वतःहून अजिबात नाही. तीव्र दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच मॉर्फिनसारखी औषधं सुचवली आणि ती शिफारस आजही कायम आहे. मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. मॉर्फिननं कॅन्सरच्या पेशंटला व्यसन लागतं ही भीतीही फाजील आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तसं क्वचितच होतं.

"ही विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणली." डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. ही विद्या शिकून भारतात आणली ती त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस.

"कुणीही शिबिर करून सुया लावू शकतो." महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी परिषदही आहे.

"काही अपाय नाही, करून बघायला काय जातंय?" जातं. केमोनंतर प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार खाली आल्या असतील, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर ज्या हाताला सूज आहे, त्या हाताला सुई लावू नये. छातीवर सुई खोल गेली, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. पेसमेकर असेल तर विद्युतप्रवाह नको.

तेव्हा जायचं असेल तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा आणि रक्तपेशींच्या मोजणीचा ताजा सीबीसी रिपोर्ट सोबत न्या. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, किंवा केमो बंद करा असा सल्ला मिळाला, तर सुई न लावून घेता उठून या.