एका बलदंड मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हटला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, जुने दगड किती राखावयाचे आणि नवे किती बसवावयाचे. अमेरिकेंत जुन्या मोटारींच्या बाबतींतहि हाच प्रश्न विचारला जातो. तेथें 'मसल कार' या नांवाचा मोटारींचा एक वर्ग आहे. मसल म्हणजे स्नायु. मध्यम आकाराच्या, बेताच्या किंमतीच्या गाडींत मोठ्या गाडीचें दांडगें इंजिन घातलें कीं ती मसल कार झाली. या घराण्याची मूळपुरुष म्हणून बहुतेक जाणकार १९६४ सालच्या पॉन्टिॲक जी. टी. ओ. या गाडीकडे बोट दाखवितात.

हिचा जन्म एका पळवाटेंतून झाला. पॉन्टिॲक ही जनरल मोटर्स कंपनीची एक शाखा. मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन नसावें असा कंपनीचा नियम होता. शिवाय १९६३ च्या जानेवारींत तिनें आपल्या शाखांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला. पॉन्टिॲकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनीं यांतून मार्ग काढला. मोठ्या गाडीचें ३८९ घन इंचांचें इंजिन बाहेरून ३२६ घन इंचांच्या इंजिनाएवढेंच असल्यामुळें तें टेम्पेस्ट गाडींत सहज बसलें. जी. टी. ओ. ही स्वतंत्र गाडी न म्हणतां, गिऱ्हाइकानें मागितल्यास टेम्पेस्ट ल मान्सवर मिळणारें जादा सामान म्हणून ती विकण्यांत आली. नांव इटलीच्या फेरारी गाडीवरून उचललेलें! इंजिनाची शक्ति ३२५ अश्वशक्ति. तीन कार्ब्युरेटर घेतल्यास ३४८. पांच हजार गाड्यांवर जाऊं नये, असा विक्रीखात्याचा सावध बेत होता. पहिल्याच वर्षीं ३२,४५० गाड्या खपल्या.

परंतु त्या पळवाटेचें ऋण आजच्या मालकाला फेडावें लागतें. जी. टी. ओ. हें केवळ जादा सामान ठरल्यामुळें १९६४ व १९६५ च्या गाड्यांवरील कारखान्याच्या क्रमांकावरून ती जी. टी. ओ. आहे कीं साधी ल मान्स, हें मुळींच कळत नाहीं. १९६६ सालीं ती स्वतंत्र गाडी झाली, तेव्हां कोठें क्रमांकांत भेद आला. त्यामुळें साध्या ल मान्सला बिल्ले लावून जी. टी. ओ.चें सोंग देणें कठीण नसतें. सोंग उघडें पाडतात तीं कारखान्यानें त्या वेळीं केलेलीं विक्रीचीं टिपणें.

आतां प्रत्यक्ष जीर्णोद्धार. कसून काम करावयाचें तर गाडीचा सांगाडा चौकटीवरून उचलून वेगळा करितात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, जुना रंग खरवडून मूळ छटेचा रंग देतात. इंजिन उघडून झिजलेलीं सिलिंडरें कांतून मोठीं करितात व त्यांत मोठे पिस्टन बसवितात. मूळ इंजिनांतील दाबाचें प्रमाण १०.७५ ला एक. तें शिसेंमिश्रित उंची पेट्रोलवर चालावें अशी योजना होती. तसें पेट्रोल अमेरिकेच्या रस्त्यांवरून १९९६ सालीं कायद्यानें हद्दपार झालें. म्हणून झडपांच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवाव्या लागतात. हा बदल मूळाला सोडून असला तरी क्षम्य होय. लपविला तर मात्र तो दोष ठरतो.

या वंशाचा अस्तहि लवकर झाला. १९७० सालीं हवेच्या शुद्धतेसाठीं कडक कायदा झाला, १९७१ पासून इंजिनांतील दाब उतरविण्यांत आला, तरुण चालकांचे विम्याचे हप्ते चढले आणि १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें. १९७४ ची जी. टी. ओ. ही त्या परंपरेंतील शेवटची. पुढें २००४ ते २००६ पर्यंत एका ऑस्ट्रेलियन गाडीवर तें नांव झळकलें, आणि २०१० सालीं पॉन्टिॲक शाखाच बंद पडली.

कारखाना गेला, उरल्या त्या जुन्या गाड्या आणि त्यांचीं कागदपत्रें. नवा रंग कोणालाहि देतां येतो, पण खरा इतिहास नव्यानें घडवितां येत नाहीं. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्यानें काय राखलें आणि काय बदललें याची प्रामाणिक नोंद गाडीबरोबर ठेवावी. पुढच्या पिढीला जी. टी. ओ.चा वारसा मिळावयाचा तो याच नोंदीच्या आधारानें.