वालुकाश्म ते क्वार्टझाइट: खडकांचे रूपांतर

जयपूरच्या मुरलीपुरा भागात पायाखाली वाळूमिश्रित गाळ आहे. पूर्वेकडची नाहरगडची टेकडी मात्र कठीण क्वार्टझाइटची. हा खडकही मुळात वाळूच होता. १०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ पाण्यात साचलेले क्वार्ट्झचे कण वरच्या थरांच्या दाबाने आणि सिलिकाच्या बंधाने जखडून वालुकाश्म तयार झाला. पुढे अरवली पर्वत घडताना उष्णता व दाब वाढला आणि कण पुन्हा स्फटिकरूप होऊन एकमेकांत घट्ट गुंतले. लक्षात घ्या, खडक वितळला नाही. वितळता तर शिलारस होऊन त्यातून अग्निजन्य खडक बनला असता.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी नुकताच फोडलेला तुकडा भिंगातून पाहा. वालुकाश्म सहसा कणांच्या कडेने तुटतो, क्वार्टझाइट कणांना छेदून. तरीही अरवलीतील क्वार्टझाइटवर काही ठिकाणी जुन्या पाण्याच्या तरंगखुणा दिसतात, म्हणजे रूपांतराने सगळाच इतिहास पुसला जात नाही. मकराण्याचा संगमरवर असाच चुनखडीपासून झाला.

'खडकचक्र' या शब्दाने विद्यार्थी हमखास फसतात. यातल्या पायऱ्यांना ठरलेला क्रम नसतो: दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला आणि रूपांतरित न होताच झिजून त्याची काळी माती होते आहे.