दशावताराच्या दोन रात्री

तुळशीचे लग्न लागले, की दक्षिण कोकणातील ग्रामदेवतांच्या जत्रांना आरंभ होतो. चार महिने शेषशय्येवर निजलेले भगवान प्रबोधिनीला उठले, मग आता भक्तांनी निजायचे कशाला, अशीच जणू तिकडील लोकांची धारणा असावी. कार्तिकापासून पुढे वसंतापर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि शेजारच्या उत्तर गोव्यात, ज्या रात्री कोणत्याच देवळापुढे मृदंग वाजला नाही, अशी रात्र विरळाच. पालखी देवळाभोवती फिरते, ती सभामंडपात विसावली, की मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराचा खेळ उभा राहतो. आणि तो संपतो दहीकाल्याने, पूर्वेकडे फटफटल्यावर. शहरातील मंडळी शनिवार-रविवारची मौज करावयास जातात, खेळ-तमाशे पाहतात, रात्री जागवितात, असे आपण ऐकतो. देवाच्या दारी रात्र जागविण्याची कोकणाची ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे.

प्रस्तुत लेखक कृष्णाकाठच्या एका क्षेत्री चाळीस वर्षे नारदीय कीर्तन करीत आला आहे. आमचे कीर्तन सायंकाळी सातास उभे राहते आणि साडेनवास आरती होते. अलीकडे नऊ वाजले, की मागल्या रांगेतील मंडळी पादत्राणे शोधू लागतात. त्यांना दोष कसा द्यावा? तथापि, बोलणाऱ्याच्या मनाला ते लागल्यावाचून राहत नाही. त्यामुळे शेतकरी, बागायतदार, मोलमजुरी करणारी माणसे पहाटेपर्यंत बसून पुराणकथा ऐकतात, असे कोणी सांगितले म्हणजे मी ते कानाआड करीत असे. ‘ते सोंगाढोंगाचे काम, त्यात संहिता नाही, पाठ नाही,’ असे म्हणून मी मोकळा होई.

माझे एक जुने स्नेही आहेत. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, ते मला शास्त्रीबुवा म्हणतात. दिलीप प्रभावळकरांची प्रमुख भूमिका असलेला ‘दशावतार’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. तो पाहून आल्यापासून मास्तरांनी माझा पिच्छाच पुरविला. “पडद्यावर पाहिले, आता प्रत्यक्ष पाहावयाचे. तुम्ही नाही म्हणालात, तर मी एकटा जाणार, आणि घाटात माझे काही झाले तर तुमच्या माथी,” अशी त्यांनी धमकीच दिली. अखेर मार्गशीर्षातील एका शनिवारी दोन पंचे, एक घोंगडी आणि मास्तरांची औषधांची पिशवी एवढ्या सामग्रीनिशी आम्ही एसटीत बसलो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस पोहोचलो, तेव्हा मोती तलावावर ऊन कलले होते.

जत्रा सावंतवाडीपासून दोनेक कोसांवरील एका गावची. देऊळ कौलारू, समोर दीपमाळ, बाजूला माडांची बाग. वाटेवर दुतर्फा दुकाने लागलेली. त्यांत आल्याचे खाजे आणि शेंगदाण्याचे लाडू यांचे ढीग. बायका देवीची ओटी भरीत होत्या, केळी-नारळ ठेवीत होत्या. गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणे घातले. प्रत्येक मागणीनंतर साऱ्या मंडपातून ‘व्हय महाराजा’ असा एकमुखी होकार उठे. मला आमच्या कर्मकांडातील ‘तथास्तु’ आठवले. फरक एवढाच, की आमचे तथास्तु पुष्कळदा एकटे पुरोहितच म्हणतात.

पालखी आत गेली. मंडपाच्या एका अंगास पडदा, त्यापुढे एक साधे लाकडी बाकडे. रंगभूमीची सामग्री संपली. राजाचे सिंहासन तेच, ऋषीचा आश्रम तोच, कैलासही तोच. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. पडद्यामागे जाण्याची मास्तरांनी खटपट केली. तेथे नट आपापल्या हाताने रंगभूषा करीत होते. कोणी आरशाचा तुकडा गुडघ्यांत धरून भुवया कोरीत होता, तर कोणी लुगड्याच्या निऱ्या जुळवीत होता, कारण स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. वेशभूषेच्या पेटाऱ्याची पूजा झाली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात खेळाआधी जर्जराची, म्हणजे ध्वजदंडाची, पूजा सांगितली आहे. ती मी विद्यार्थ्यांना कैक वर्षे शिकविली. पण रंगभूमीवर कोणी अजून पूजा करून उभे राहते, हे त्या रात्री प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

पुढे दुसरे आश्चर्य. या खेळाचेही पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग आहेत, अगदी आमच्या कीर्तनासारखे! पूर्वरंगात सूत्रधार येतो, त्यास नाईक म्हणतात. मग ऋद्धिसिद्धींसह गणपती, मोरावर आरूढ सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग काळ्या पोशाखातील संकासुर. हा वेद चोरणारा दैत्य शुद्ध मालवणीत बोलतो, प्रेक्षकांत शिरतो, वृद्धांची थट्टा करतो आणि पोरांना भेडसावतो. मास्तरांच्या टकलावरून त्याने हात फिरविला, तेव्हा मंडपात जो हशा पिकला, त्यात माझाही आवाज होता, हे कबूल केले पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करतो. संकासुर हे नाव ऐकून पुष्कळांस पांचजन्य शंखाशी निगडित असा भागवतातील दैत्य आठवतो. परंतु तो पंचजन, कृष्णाने मारलेला, निराळा. वेद हरण करणारा शंख हा समुद्रपुत्र पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात येतो. भगवान प्रबोधिनीला जागे होतात, मत्स्यरूप घेतात आणि त्याचा वध करतात, अशी ती कथा आहे. तेव्हा जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू व्हावा आणि प्रत्येक खेळाच्या आरंभी शंखासुर मारला जावा, यात एक संगती दिसते. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेही कर्नाटकातून आलेल्या अशाच मंडळींचे खेळ पाहून. असो.

उत्तररंगास एक वाजून गेला होता. आख्यान होते वृंदा-जालंधराचे. या आख्यानाचे आणि माझे जुने नाते आहे. दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी ते लावतो. जालंधराचे बळ त्याची पत्नी वृंदा हिच्या पातिव्रत्यात. ते बळ ढळावे म्हणून भगवान जालंधराचे रूप घेऊन वृंदेकडे जातात. पुढे तिला कपट कळते, ती शाप देते आणि अग्निप्रवेश करते. हा भाग आला, की मी आवाज चढवितो, ‘लोककल्याणार्थ भगवंतांस हे करावे लागले,’ असे सांगतो आणि झांजेच्या गजरात पुढे सरकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कीर्तनानंतर घरी पाने वाढताना माझ्या कुटुंबाने विचारले होते, “लोकांचे कल्याण झाले, ते ठीक. पण तिचे काय हो?” मी तिला धर्मशास्त्रातील दोन वचने ऐकविली. ती काही बोलली नाही; आमटी वाढून आत गेली. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली.

त्या रात्री वृंदेचे काम करणारा नट पन्नाशीचा असावा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती आणि कोणी कोठे यावयाचे, एवढे आधी ठरते. संवाद तेथल्या तेथे बोलावयाचे. सुरुवातीस त्याने एका श्लोकाचा अर्धा चरण गाळला, विसर्ग भलतीकडे टाकला. मी मास्तरांकडे पाहिले. मग कपट उघड झाले. वृंदेने हातातील बांगड्या चाचपल्या आणि बाकड्यावर बसलेल्या विष्णूला अगदी हळू, बोलत्या स्वरात विचारले, की तुला जगाचे राखावयाचे होते, मग मला सांगून का मागितले नाहीस? मी दिले असते की नाही, ते तू कशावरून ठरविलेस?

विष्णू उत्तर देईल, म्हणून मंडप वाट पाहत होता. माझ्या ओठांवर माझे नेहमीचे वाक्य आले होते. पण विष्णू बोलला नाही. मृदंगीही थांबला. पेटीचा सूर तेवढा चालू. तो नट बाकड्यावरून उतरला, मुकुट काढून त्याने मांडीवर घेतला आणि खाली मान घालून जमिनीवर बसला. किती वेळ गेला, ते सांगता येत नाही. पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका म्हातारीने तर उठून वृंदेच्या पायांवर डोके ठेवले. पायांखाली लुगडे होते, लुगड्यात पुरुष होता, हे तिला ठाऊक नव्हते थोडेच!

आणि मला पुराणातील तो भाग आठवला, जो मी चाळीस वर्षे वगळत आलो. वृंदा अग्नीत गेल्यावर भगवान तिच्या चितेच्या भस्मापाशी बसून राहतात; देव आणि सिद्ध येऊन समजूत घालतात, तरी त्यांना शांती मिळत नाही. पुढे तेथेच तुळस, आवळी आणि मालती उगवतात. मूळ ग्रंथात हे स्पष्ट आहे. मी ते वाचलेले होते. कीर्तन साडेनवास संपवावयाचे, म्हणून असेल, किंवा बसून राहिलेला देव कसा सांगावा, ते सुचले नाही म्हणून असेल, मी तेथे कधी थांबलो नाही. मास्तरांनी घोंगडी माझ्या खांद्यावर सरकविली. थंडी होतीच.

पहाटे दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. तोंडाचा रंग पुसताना विष्णूचे काम करणारे गृहस्थ पडद्यामागे भेटले. त्यांची काजूची बाग आहे, असे कळले. मी त्यांना विचारले, की तेथे मौन धरावे, हे तुम्हांला कोणत्या गुरूंनी सांगितले? ते हसले. “बुवानू, काय बोलाचा ता ठरलेला नसता. त्या वक्ताक सुचला नाय, म्हणान गप रवलंय.” असे म्हणून ते खोबरेल लावलेल्या फडक्याने कपाळावरचा निळा रंग काढू लागले.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही सावंतवाडीस निजलो. जेवून राजवाड्यात गेलो. तेथे गंजिफा पाहावयास मिळतात. दशावतारी गंजिफेची पाने वाटोळी, एकूण १२०. दहा अवतारांची दहा घराणी आणि प्रत्येक घराण्यात राजा, प्रधान नि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. डावाचा एक नियम मास्तरांना फार आवडला : दिवसा खेळ मांडला, तर ज्याच्या हाती राम तो आरंभ करतो, रात्री मांडला, तर ज्याच्या हाती कृष्ण तो. “पाहिलेत शास्त्रीबुवा, रात्रीचा कारभार कोणाकडे आहे तो!” मी म्हटले, की दिवसाचाही रामावर सोपवून तुम्ही निजता, हे मी आज पाहिलेच आहे. चितार आळीत नातवंडांसाठी लाकडी फळे घेतली. रंगविलेले सीताफळ असे हुबेहूब, की मास्तर ते हुंगून पाहत होते. दुकानातल्या बाईंना हसू आवरेना.

परतीची गाडी सायंकाळची होती. स्थानकावर आलो, पिशव्या फलाटावर ठेवल्या. मास्तर काही बोलत नव्हते. हा माणूस गप्प बसला, म्हणजे काहीतरी मनात असते. अखेर मीच म्हटले, “त्याच मंडळींचा खेळ आज कोठे आहे, ते काल तुम्ही विचारून ठेवले असेल.” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. गाव आठ मैलांवर. गाडी आमच्यादेखत निघून गेली.

दुसऱ्या रात्रीचे आख्यान निराळे, वीररसाचे. एका राक्षसाने प्रेक्षकांच्या मागून आरोळी ठोकून प्रवेश केला, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. खेळ चांगला झाला; पहिल्या रात्रीसारखा नव्हे. वृंदा झालेले गृहस्थ आज ऋषी होते आणि तोच श्लोक तसाच चुकवून म्हणत होते. मध्यंतरी मी त्यांना बाजूस घेऊन तो दुरुस्त करून दिला. त्यांनी दोनदा म्हणून दाखविला, वाकून नमस्कार केला. मीही केला.

घरी आल्यावर जुनी वही काढली. वृंदाख्यानाचे जेथे ‘लोककल्याणार्थ’ असे लिहिले होते, तेथे समासात तांबड्या शाईने खूण केली. पुढील तुळशीच्या लग्नाला तेथवर आलो, म्हणजे झांज थांबवावयास पेटीवाल्यांना आणि तबलजींना आधी सांगून ठेवले आहे. किती वेळ थांबावयाचे, असे त्यांनी विचारले. तेवढे मात्र मला सांगता आले नाही.