हाफकिन यांच्या बाटल्या आणि जंतूंचे सहअस्तित्व

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 साली आलेल्या आणि 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेचे संस्थापक वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध करताना मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या तळाला धरून प्लेगचे जंतू वाढत आणि बाटली अगदी निश्चल राहिली, तर गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे त्यांचे धागे खाली उतरत. हीच प्लेगच्या जंतूची ओळखखूण मानली जाई, आणि बाटली हलली की हे धागे तुटून तळाशी बसत.

हाफकिन यांना एकाच जातीचे शुद्ध संवर्धन हवे होते, तथापि निश्चल आणि ढवळलेल्या द्रवातील हा फरक अनेक जाती एकत्र कशा नांदतात या प्रश्नाच्याही मुळाशी आहे. एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जातींपैकी सरस जात अखेरीस दुसरीला हुसकावते, हे रशियन जीवशास्त्रज्ञ गाउस यांनी 1934 साली मांडलेले तत्त्व चुकीचे नाही. मात्र अन्न सर्वांना सर्वत्र सारखेच मिळते, असे त्यात गृहीत धरलेले असते.

रेणूंच्या स्वैर हालचालींमुळे पदार्थ आपोआप पसरतो, त्याला विसरण म्हणतात, आणि त्यात अंतर दुप्पट झाले की काळ चौपट लागतो. म्हणून साखरेच्या रेणूला पाण्यात एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ओलांडण्यास साधारण एक मिलिसेकंद पुरत असला, तरी एक सेंटिमीटरसाठी जवळपास एक दिवस लागतो. तेवढ्या अवधीत निश्चल द्रवाच्या वरच्या थरातील जंतू प्राणवायू संपवतात आणि खाली प्राणवायूविना जगणाऱ्यांना जागा मिळते.

याहून बोलका पुरावा बेंजामिन कर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केला. आतड्यातील ई. कोलाय जंतूचे तीन प्रकार त्यांनी एकत्र वाढवले: विष सोडणारा, त्या विषाला बळी पडणारा आणि त्याला दाद न देणारा. पहिला दुसऱ्याला मारतो, दुसरा तिसऱ्याहून वेगाने वाढतो, तिसरा पहिल्याला मागे टाकतो. सतत हलवलेल्या फ्लास्कमध्ये केवळ तिसरा उरला, पण प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्यांशीच झुंजावे लागणाऱ्या घट्ट माध्यमाच्या बशीवर तिघेही टिकले.

अर्थात विसरणाने सगळेच उलगडत नाही, कारण लाटांनी घुसळलेल्या समुद्रातही प्लवकांच्या असंख्य जाती एकत्र आढळतात, आणि जीवशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी 1961 साली दाखवलेल्या या विरोधाभासावर भौतिकशास्त्रज्ञांची गणिती प्रारूपे अजून काम करीत आहेत.